टेस्ट आधी लिहावी की कोडनंतर?

३१ डिसेंबर २००८. मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे ‘झून’ हे गाणी ऐकण्याचे उपकरण वापरणाऱ्यांनी बटण दाबले आणि उपकरण सुरू होता होताच अडकून बसले. बिघाड एखाददुसऱ्या नगात नव्हता, त्या मॉडेलचे ग्राहक जिथे तिथे हीच तक्रार करत होते. कंपनीने सुचवलेला उपाय असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बारा वाजून गेल्यावर पुन्हा चार्ज करा. तसे केल्यावर झून पूर्ववत चालू झाले.

बिघाड होता घड्याळाच्या चिपसाठी लिहिलेल्या मोजक्या ओळींत. एका ठरावीक वर्षापासून किती दिवस उलटले हा आकडा हाताशी होता, त्यावरून चालू साल काढण्याचे काम एका लूपकडे सोपवलेले होते. लूपची अट अशी की दिवस ३६५पेक्षा जास्त आहेत तोवर फिरायचे. साल साधे असेल तर ३६५ दिवस वजा करून साल एकने वाढवायचे. साल लीप असेल तर आधी दिवस ३६६पेक्षा जास्त आहेत का ते पाहायचे, आणि असतील तरच ३६६ वजा करायचे. लीप वर्षाच्या ३१ डिसेंबरला शिल्लक दिवस बरोबर ३६६ राहतात. ३६६ हे ३६५पेक्षा जास्त, म्हणून लूप संपत नाही. ३६६पेक्षा मात्र जास्त नाहीत, म्हणून काहीच वजा होत नाही. लूप जागच्या जागी फिरत राहतो. झून बाजारात आले २००६च्या अखेरीस, त्यामुळे २००८ हे त्याच्या वाट्याला आलेले पहिलेच लीप वर्ष होते.

हा लूप लिहिणाऱ्याने तो तपासलाच नसेल, असे समजण्याचे कारण नाही. पण कोड लिहून झाल्यावर तपासायला बसलेला माणूस बहुधा कोडकडे बघून तपासतो. त्याला दोन ब्रँच दिसतात, एक साध्या वर्षाची आणि एक लीप वर्षाची. दोन्हींतून एकेक तारीख सोडून पाहिली की त्याचे समाधान होते. कोडची एकही ओळ लिहिलेली नसताना जो टेस्ट लिहायला बसतो, त्याच्यासमोर फक्त कॅलेंडर असते, आणि कॅलेंडर बघणाऱ्याला लीप वर्षाचा शेवटचा दिवस सुचण्याचा संभव जास्त. संभवच, खात्री कोणी देऊ शकत नाही. टेस्ट आधी लिहिण्याचा खरा फायदा इथे आहे, आणि मर्यादाही इथेच आहे.

हिंजवडीतल्या टीममध्ये असो की लंडन-टोरांटोत काम करणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या टीममध्ये, “आधी फीचर होऊ दे, टेस्ट नंतर टाकू” हे वाक्य ऐकले नाही असा प्रोग्रॅमर सापडणे कठीण. दुसऱ्या बाजूला, टेस्ट आधी न लिहिणे म्हणजे पाप असे मानणारेही भेटतात. दोन्ही पक्ष क्रमावर भांडतात. नोकरीला नव्याने लागलेल्याला आणि टीम लीडलाही त्यापेक्षा उपयोगी पडेल ते हे, की कोणत्या कामाला कोणता क्रम घ्यावा आणि कोणताही क्रम घेतला तरी काय सोडू नये.

टेस्ट आधी लिहिण्याची पद्धत, म्हणजे टीडीडी, केंट बेक या अमेरिकी प्रोग्रॅमरच्या नावाशी जोडली गेली आहे. १९९७ साली झुरिचहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गॅमा या दोघांनी मिळून जेयुनिट हे टेस्ट चालवण्याचे साधन लिहायला घेतले. जावावर काम करणाऱ्यांना ते आजही रोज लागते. २००२ साली बेक यांचे ‘टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट: बाय एक्झाम्पल’ हे पुस्तक आले आणि पद्धतीचे नाव रूढ झाले. शोध आपला आहे असा दावा मात्र बेक करत नाहीत, आपण ती गोष्ट पुन्हा शोधली एवढेच ते सांगतात. प्रोग्रॅमिंगवरच्या एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचले होते की इनपुटची टेप घ्यावी, अपेक्षित उत्तराची टेप हाताने आधीच तयार करावी, आणि प्रत्यक्ष उत्तर तिच्याशी जुळेपर्यंत प्रोग्रॅम लिहीत राहावे. नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातही, म्हणजे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांत काम होई आणि प्रत्येक टप्प्याच्या टेस्ट आधी ठरत. क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३च्या एका लेखात ही नोंद केली आहे.

पद्धत सांगायला सोपी आहे. एक छोटी टेस्ट लिहायची आणि लगेच चालवायची. कोड नसल्यामुळे ती फेल होते, पडद्यावर लाल दिसते. ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा, हिरवे झाले की कोड नीटनेटका करायचा, आणि पुढची टेस्ट घ्यायची. हे चक्र काही मिनिटांचे असते. दिवसभराचे असेल तर ते टीडीडी नाही.

एसटीच्या तिकिटावर हे करून पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ पूर्ण झालेल्या पण ७५च्या आतल्या प्रवाशांना निम्मे तिकीट पडते. १७ मार्च २०२३पासून महिलांना ५० टक्के सवलत मिळू लागली. मुलांचे अर्धे तिकीट तूर्त बाजूला ठेवू. समजा, एका टीमला भाडे काढणारे फंक्शन लिहायचे आहे: मूळ भाडे, वय आणि स्त्री की पुरुष हे त्याला द्यायचे आणि द्यावयाची रक्कम मिळवायची.

एक प्रोग्रॅमर थेट कोड लिहायला घेतो. प्रवासी महिला असेल तर निम्मे भाडे आणि तिथूनच परत. वय ७५ किंवा जास्त असेल तर शून्य. वय ६५ किंवा जास्त असेल तर निम्मे. यातले काहीच नसेल तर पूर्ण भाडे. चार ब्रँच, दहा-बारा ओळी. संध्याकाळी तो टेस्ट लिहायला बसतो. मूळ भाडे ३०० रुपये धरून ३० वर्षांची महिला घेतो, उत्तर १५०. मग ८० वर्षांचा पुरुष, उत्तर शून्य. ६८ वर्षांचा पुरुष, उत्तर १५०. ४० वर्षांचा पुरुष, उत्तर ३००. चारही टेस्ट हिरव्या. कव्हरेजचा अहवाल १०० टक्के म्हणतो, कारण प्रत्येक ओळ खरोखरच चाललेली असते. पुल रिक्वेस्ट मंजूर होते, कोड मर्ज होतो.

आणि ८० वर्षांच्या आजींकडून १५० रुपये घेतले जातात, ज्यांचा प्रवास मोफत आहे.

चूक अटींच्या क्रमात होती: महिलेची अट वर आल्यामुळे वयाच्या अटीपर्यंत गाडी पोचलीच नाही. टेस्ट लिहिणाऱ्याने आळस केला नव्हता, चार ब्रँचना चार टेस्ट त्याने इमाने इतबारे लिहिल्या. त्याच्या डोळ्यांपुढे चार ब्रँचच होत्या, म्हणून त्याच्या टेस्टही चारच झाल्या.

दुसरी प्रोग्रॅमर कागदावर तक्ता आखते. आडवे दोन रकाने, पुरुष आणि महिला. उभे वय: ४०, ६४, ६५, ७४, ७५, ८०. बारा चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीत रक्कम भरायची आहे आणि कोड अजून नाही, तेव्हा रक्कम नियमावरूनच भरावी लागते. ‘महिला, ८०’ या चौकटीत शून्य येते. ही टेस्ट लिहून ठेवल्यावर वरची चूक झालीच, तरी ती मिनिटभरात लाल दिसते. ‘महिला, ६५’ या चौकटीत मात्र नवाच प्रश्न पडतो: ज्येष्ठ म्हणून निम्मे आणि महिला म्हणून निम्मे, मग तिकीट १५० रुपयांचे, ७५चे की फुकट? तिकीट २४५ रुपयांचे असेल तर निम्मे १२२.५० होतात, ते पूर्णांकात कसे आणायचे? आरक्षण आज केले आणि प्रवासाच्या दिवशी ७५ वर्षे पूर्ण होत असतील तर वय कोणत्या तारखेचे धरायचे? सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, मग पणजीला जाणाऱ्या गाडीत भाड्याची फोड कुठे करायची?

यातला एकही प्रश्न प्रोग्रॅमिंगचा नाही. सगळे नियमाचे आहेत, आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्या ग्राहकाला विचारायचे आहेत. ते पहिल्या दिवशी विचारले तर एका ईमेलमध्ये भागते. रिलीजनंतर विचारले तर डेटा दुरुस्त करा, पैसे परत करा, खुलासा द्या, अशी रांग लागते. हाच तक्ता कोड लिहून झाल्यावरही आखता येतो, कोणी अडवलेले नाही. पण संध्याकाळी सहा वाजता, डोक्यात स्वतःच्या चार ब्रँच घोळत असताना, तो आखणारे फार थोडे असतात.

आणखी एक फायदा या उदाहरणात दडलेला आहे. वय काढायला आजची तारीख लागते. आधी कोड लिहिणारा बहुधा फंक्शनच्या आतच संगणकाच्या घड्याळाला तारीख विचारतो. मग ‘ज्या दिवशी ७५ पूर्ण होतात तो दिवस’ टेस्टमध्ये आणायचा कसा? टेस्ट आधी लिहिणारीला ही अडचण पहिल्याच टेस्टला जाणवते, म्हणून ती तारीख बाहेरून द्यायची सोय करते. फंक्शन आपोआप सुटसुटीत होते. झूनच्या लूपलाही हेच लागू आहे. दिवसांचा आकडा हाती घेऊन साल परत देणारे छोटे वेगळे फंक्शन असते, तर १ ते ७३१ पर्यंतचे सगळे आकडे त्यातून सोडून पाहणे क्षणाचे काम होते.

फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या आयफोनमध्ये सापडलेली ‘गोटू फेल’ ही त्रुटीही याच जातीची. सुरक्षित जोडणीची शहानिशा करणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ चुकून दोनदा पडली आणि सहीची शेवटची तपासणी होण्याआधीच फंक्शन ‘सगळे ठीक’ म्हणून परतू लागले. गूगलमध्ये टेस्टिंगचा प्रसार केलेले माइक ब्लँड यांनी त्या फाइलचा अभ्यास करून दाखवले, की तेच ते गणित फाइलमध्ये सहा ठिकाणी नक्कल करून ठेवलेले होते. ते एका जागी काढले असते तर त्याची टेस्ट लिहिणे सोपे झाले असते. टेस्ट लिहायला अवघड जाणारा कोड बहुतेक वेळा वाचायलाही अवघड असतो, आणि टेस्ट आधी लिहिणाऱ्याला ही अवघड जागा लवकर टोचते.

आता पुराव्याकडे वळू, कारण या विषयात अनुभवाचे दाखले दोन्ही बाजूंनी हवे तितके मिळतात. २००८ साली नचिअप्पन नागप्पन आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीडीडी वापरणाऱ्या या टीमच्या कोडमध्ये रिलीजपूर्वी सापडलेल्या दोषांचे प्रमाण तशाच इतर प्रकल्पांपेक्षा ४० ते ९० टक्क्यांनी कमी होते. सुरुवातीचा वेळ मात्र १५ ते ३५ टक्के जास्त लागला, असा व्यवस्थापकांचा अंदाज होता. टीम लीडने दोन्ही आकडे जवळ ठेवावेत. पहिला दाखवून दुसरा लपवला की पहिल्याच स्प्रिंटमध्ये विश्वास उडतो.

या आकड्यांवरून टेस्ट आधी लिहिल्यामुळेच दोष घटले असे म्हणता येईल का? इथे दुसरे दोन अभ्यास कामाला येतात. हाकान एर्दोगमुश आणि सहकाऱ्यांनी २००५ साली इटलीतल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात टेस्ट आधी लिहिणाऱ्या गटाने सरासरीने जास्त टेस्ट लिहिल्या, आणि ज्यांनी जास्त टेस्ट लिहिल्या त्यांचे काम जास्त उरकले. कोडचा किमान दर्जा टेस्टच्या संख्येबरोबर वाढत गेला, मग क्रम कोणताही असो. दाविदे फुच्ची आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ३९ व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या कामाची चिरफाड केली. त्यांचा निष्कर्ष असा, की टेस्ट आधी की कोड आधी याचा दर्जावर म्हणावा असा परिणाम दिसत नाही. परिणाम दिसतो तो पावलाच्या आकाराचा. काम लहान आणि एकसारख्या लांबीच्या टप्प्यांत करणाऱ्यांचा कोड चांगला निघाला आणि त्यांचे काम पुढेही सरकले.

हा निष्कर्ष प्रत्येक टीमने गांभीर्याने घ्यावा. पाच मिनिटे कोड आणि लगेच त्याची टेस्ट, असे काम करणारा प्रोग्रॅमर टीडीडीवाल्याच्या अगदी शेजारी बसलेला आहे. तीन आठवडे कोड लिहून रिलीजच्या आदल्या शुक्रवारी टेस्टचा ढीग टाकणारा या दोघांपासून फार लांब आहे. “टेस्ट नंतर” हे शब्द दोघेही वापरतात, म्हणून वाद भरकटतो. कोड आणि टेस्ट यांच्यात मिनिटे जातात की आठवडे, हे विचारले की अर्धा वाद तिथेच मिटतो.

काही कामांना टेस्ट आधी लिहिणे मानवत नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. टेस्ट आधी लिहायची तर अपेक्षित उत्तर आधी ठाऊक हवे. नवीन लायब्ररी कशी वागते ते बघायचे आहे, पडद्यावरची मांडणी डोळ्यांना बरी दिसते का ते ठरवायचे आहे, मशीन लर्निंगचे मॉडेल कोणत्या डेटावर चालेल ते चाचपायचे आहे, अशा वेळी उत्तरच माहीत नसते. तिथे प्रयोगापुरता कोड बिनधास्त टेस्टशिवाय लिहावा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये अशा प्रयोगाला स्पाइक म्हणतात, आणि त्याचा नियम असा की शिकून झाले की तो कोड फेकून द्यायचा. खरी गडबड होते ती तो न फेकल्यामुळे. ग्राहकाला दाखवलेला डेमो आवडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रॉडक्शनची वाट धरतो.

अल्गोरिदम शोधण्याचेही तसेच आहे. २००६ साली रॉन जेफ्रीज या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या संस्थापकांपैकी एकाने सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम टीडीडीने लिहायला घेतला, त्यावर लेखमाला लिहिली, पण प्रोग्रॅम पूर्णत्वाला गेला नाही. त्याच वर्षी पीटर नॉर्विग यांनी पायथॉनच्या जेमतेम शंभर ओळींत सुडोकू सोडवून दाखवले. कोऱ्या चौकटींतले पर्याय कसे गाळत न्यायचे आणि अडल्यावर शोध कसा घ्यायचा, हे नॉर्विग यांना आधीच ठाऊक होते. जेफ्रीज यांच्यासारखा निष्णात माणूस अडला, याचा अर्थ एवढाच की कल्पना सुचवण्याचे काम टेस्टकडून होत नाही. सुचलेली कल्पना बरोबर उतरली का, हे ती सांगते.

एप्रिल २०१४मध्ये रूबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी टीडीडी मेल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप वेगळा होता. टेस्ट झटपट चालाव्यात म्हणून लोक कोडचे इतके तुकडे करतात, इतके खोटे डेटाबेस आणि खोट्या सेवा मधे उभ्या करतात, की मूळ रचनाच बिघडते. केंट बेक, मार्टिन फाउलर आणि हॅन्सन यांनी त्यानंतर यावर जाहीर चर्चा केल्या. हॅन्सन यांच्या आक्षेपात तथ्य आहे. ज्या टेस्टमध्ये दहा मॉक उभे करून शेवटी ‘अमुक फंक्शन एकदा बोलावले गेले’ एवढेच तपासलेले असते, ती टेस्ट कोडची नुसती नक्कल असते. कोडमध्ये साधे नाव बदलले तरी ती मोडते आणि भाडे चुकीचे निघाले तरी पास होते. अशी टेस्ट आधी लिहिलेली असो वा नंतर, ती काढून टाकलेली बरी.

टेस्ट मागाहून लिहूनही किती उंची गाठता येते याचा नमुना म्हणजे एसक्यूलाइट. वाचकांच्या खिशातल्या फोनमध्ये हा डेटाबेस आत्ता चालू आहे. रिचर्ड हिप यांनी तो २०००मध्ये आणला. विमानांच्या सॉफ्टवेअरला लावतात त्या कसोटीवर उतरेल असा टेस्टचा संच त्यांनी बऱ्याच वर्षांनी, २००९च्या सुमारास उभा केला. आज त्याच्या मूळ कोडच्या सुमारे दीड लाख ओळी आहेत, आणि टेस्टच्या नऊ कोटींहून जास्त. प्रमाण ५९० पट पडते. मात्र याच प्रकल्पाचा एक नियम पक्का आहे: बग आला, की तो उघडा पाडणारी टेस्ट जोडल्याखेरीज तो दुरुस्त झाला असे मानायचे नाही.

बगच्या बाबतीत क्रमाचा वाद उरत नाही. तिथे टेस्ट आधीच. क्यूएकडून किंवा ग्राहकाकडून तक्रार आली, की तीच परिस्थिती टेस्टमध्ये उभी करावी आणि ती लाल होताना पाहावी. लाल झाली नाही तर बग अजून सापडलेलाच नाही, वाटेल ती ओळ बदलून “फिक्स केला” म्हणण्यात अर्थ नाही. लाल झाली, दुरुस्तीनंतर हिरवी झाली, की तोच बग सहा महिन्यांनी गुपचूप परत यायचा मार्गही बंद होतो.

मागाहून टेस्ट लिहिणाऱ्याने हीच लाल होण्याची पायरी मुद्दाम करायची असते. टेस्ट आधी लिहिली की ती एकदा तरी फेल होताना दिसतेच. नंतर लिहिली की पहिल्याच खेपेला पास होते, आणि ती खरोखर काही तपासते का हे कळत नाही. म्हणून टेस्ट लिहून झाली की मूळ कोडमध्ये जाऊन मुद्दाम मोडतोड करावी: ‘७५ किंवा जास्त’च्या जागी ‘७५पेक्षा जास्त’ करावे, वजाबाकीची बेरीज करावी, अख्खी अट उडवावी. टेस्ट लाल झाली तर ठीक, कोड पूर्ववत करावा. हिरवीच राहिली तर ती टेस्ट निरुपयोगी आहे. एसटीच्या उदाहरणातल्या पहिल्या प्रोग्रॅमरने ‘७५’चे ‘७९’ केले असते, तर त्याच्या चारही टेस्ट हिरव्याच राहिल्या असत्या, आणि सीमेवरचे वय आपण तपासलेच नाही हे त्याला तिथेच उमगले असते. हे काम स्वयंचलित करणारी साधनेही आहेत: जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथॉनसाठी म्यूटमट. ती कोडमध्ये शेकडो छोटे बिघाड करतात आणि किती बिघाड टेस्टनी पकडले ते सांगतात. वेळ खातात, म्हणून पैशांचा हिशोब, वय-तारखांचे नियम अशा नाजूक भागांपुरती वापरावीत. कव्हरेजच्या ८० टक्क्यांच्या अटीपेक्षा हा आकडा कितीतरी बोलका असतो.

आपल्याकडच्या कितीतरी प्रोग्रॅमरच्या वाट्याला नवीन कोड येतच नाही. परदेशी ग्राहकाची दहा-पंधरा वर्षे जुनी प्रणाली येते, टेस्ट शून्य आणि मूळ लिहिणारे केव्हाच निघून गेलेले. तिथे टेस्ट आधी की नंतर हा प्रश्नच गैरलागू आहे, कोड आधीच लिहून झालेला असतो. मायकेल फेदर्स यांचे २००४चे ‘वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड’ हे पुस्तक अशांसाठीच आहे. ते सुचवतात की ज्या भागाला हात लावायचा त्याची सध्याची वागणूक आधी टेस्टमध्ये बांधून ठेवावी. बरोबर काय असायला हवे हा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आज तो काय उत्तर देतो ते नोंदवावे. मुद्दाम चुकीचे उत्तर घालून टेस्ट चालवली की फेल होताना खरे उत्तर पडद्यावर येते, ते टेस्टमध्ये लिहून टाकावे. मग बदल करावा. अख्ख्या प्रणालीला टेस्ट लावायचा संकल्प सोडू नये असे वाटत असले तरी सोडावा, तो पार पडत नाही. ज्या फाइलमध्ये आज बदल आहे, तिच्यापुरते करावे.

एआयच्या साधनांनी यात नवी अडचण आणली आहे. कोडही एआयनेच लिहायचा आणि “आता याच्या टेस्ट लिही” असेही त्यालाच सांगायचे, अशी सवय पसरते आहे. नियम समजण्यात त्याची जी चूक झाली असेल, तीच टेस्टमध्येही उतरू शकते. कोडमध्ये ८० वर्षांच्या आजींना निम्मे तिकीट, तर टेस्टमध्येही निम्मेच, आणि सगळे हिरवे. इथे आधी टेस्ट लिहिण्याची सवय फार मोलाची ठरते. अपेक्षित उत्तरांचा तक्ता माणसाने नियम वाचून, ग्राहकाला विचारून आधी भरावा, आणि मग कोड साधनाकडून खुशाल लिहून घ्यावा.

टीममध्ये सुरुवात करायची असेल तर सगळ्यांनी सोमवारपासून टीडीडी, असा फतवा काढू नये. नियम स्पष्ट आहेत असा एखादा भाग निवडावा: कर आकारणी, सवलत, व्याज, रजेचा हिशोब. तिथे एका स्प्रिंटपुरते दोघांनी शेजारी बसून टेस्ट आधी लिहून पाहावे. एक टेस्ट लिहील, दुसरा कोड लिहील. पहिले काही दिवस हात अडखळतील, वेग घटेल, म्हणून डेडलाइन डोक्यावर असताना हा प्रयोग नको. व्यवस्थापकाने ‘किती टेस्ट झाल्या’ असे विचारू नये, ‘टेस्ट लिहिताना ग्राहकाला विचारण्यासारखे कोणते प्रश्न निघाले’ असे विचारावे. पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याने कोडच्या आधी टेस्ट वाचाव्यात, आणि टेस्ट वाचून नियम समजत नसेल तर तिथेच परत पाठवावे.

ज्यांना एवढेही आज शक्य नाही त्यांनी निदान एक करावे. तुमच्या नावावर येणाऱ्या पुढच्या बगला हात लावण्याआधी त्याची टेस्ट लिहा, ती लाल झालेली पाहा आणि मगच दुरुस्तीला बसा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि जेयुनिट, पायटेस्ट किंवा जेस्ट यांपैकी काहीतरी तुमच्या प्रकल्पात बहुधा आधीच बसवलेले असते.